कोय धरेपर्यंत

बांबूच्या काठीचा एक तडाखा आणि चार कैऱ्या खाली. दुसरा तडाखा, सहा. पदर खोचून मी गोटुलमागच्या आंब्याखाली उभी होते आणि भोवती सात पोरं डोळे मोठे करून बघत होती. एकही पोर कैरी उचलायला पुढे झालं नाही. मला वाटलं, लाजतात बिचारी. म्हणून मीच वेचल्या, मोजून बत्तीस भरल्या.

एप्रिल संपत आला होता. गडचिरोलीकडचं ऊन ज्याने खाल्लं नाही त्याला सांगून कळायचं नाही; दुपारी हंड्यातलं पाणीसुद्धा चटका देतं. त्या सातांतली एक पोरगी खेळता खेळता भोवळ येऊन बसली होती. मी नर्सबाई. आणि माहेर आर्वीचं, म्हणजे ऊन लागलं की पन्हं, हे आईच्या दुधाबरोबर शिकलेलं. तीन दगडांची चूल मांडली, कैऱ्या उकडल्या, गूळ-मीठ घातलं आणि पळसाच्या पानांचे द्रोण करून सातही पोरांना पोटभर पाजलं. पोरांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग प्यायली, आणि मग तर भांडं चाटून पुसून स्वच्छ केलं. मी स्वतःवर अशी काही खूश होते की विचारू नका.

कोणाला विचारलं नव्हतं. झाड गावाच्या कडेला, जंगलाला लागून. जंगलातलं झाड म्हणजे कोणाचंच नाही असं मला वाटायचं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि मला बरंच काही वाटायचं.

कोहकाटोला ही तीसेक घरांची गोंडांची वस्ती. आमच्या आरोग्य केंद्रापासून बारा किलोमीटर, त्यातले शेवटचे सात पायीच. आदल्या संध्याकाळी मी तिथे मुक्कामाला पोचले होते, खांद्याला लशीचा निळा डबा अडकवून. गोटुल म्हणजे गावाच्या बैठकीची जागा. पाहुणाही तिथेच उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवीस पोरांना गोवराची लस टोचायची होती. बाजाराच्या गावात गोवर निघाला होता. पोरं आधीच खंगलेली असली की हा गोवर घरटी एखादं घेऊन जातो, हे तीन वर्षांच्या नोकरीत मी दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यातल्या एका पोराला तर माझ्याच मांडीवर शेवटची उचकी लागली होती. त्यामुळे या तेवीस नावांची यादी माझ्या डोक्यात चोवीस तास वाजत होती. डब्यातला बर्फ तीन दिवस टिकणार, त्या उन्हात त्याहून कमीच. बर्फ गेला की लस गेली.

तिसऱ्या प्रहरी रमोती जंगलातून आली. रमोती दुगा गावची सुईण, पन्नाशीची, माझा उजवा हात. माझी चेष्टा करण्यात तिचा कोणी हात धरला नसता. माझ्या चालण्याची, माझ्या चपलांची, मी गोंडीत शब्द बोलायला गेले की त्याची, सगळ्याची ती नक्कल करायची. डोक्यावरची मोहाची टोपली उतरवताना तिला चुलीशेजारची सालं दिसली, आणि ती तशीच उभी राहिली. चेष्टा नाही, हसणं नाही. कोणाकोणाला पाजलं, एवढंच तिने विचारलं. मी मोठ्या कौतुकाने सातही नावं सांगितली. तिने टोपली पुन्हा डोक्यावर घेतली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी सुया उकळून, पाट मांडून तयार. आठ वाजले, नऊ वाजले. चिटपाखरू नाही. एरवी मी आले की पोरं पायात पायात यायची. मग मीच उठले आणि घरोघरी फिरले. कोणी दार लावून घेतलं नाही की तोंड फिरवलं नाही. बसायला खाट टाकली, पाणी दिलं. आणि प्रत्येक घरात तेच एक उत्तर: पंडुम झाल्यावर.

पंडुम म्हणजे सण, तेवढं मला ठाऊक होतं. कसला, ते रमोतीने सांगितलं. आंब्याचा. मर्का पंडुम होऊन गावाने मिळून पहिला आंबा भूमीला वाहिला, की मग खायचा. त्याआधी गावात कोणी आंब्याला हात लावत नाही. पडलेली कैरीसुद्धा उचलत नाही. पोरंही नाही. आणि मी त्या सातांना बळे बळे पाजलं होतं. नर्सबाईने दिलं म्हणजे औषध असेल असं समजून ती प्यायली होती.

मला मात्र रागच आला. एवढ्याशा गोष्टीसाठी तेवीस पोरांचे जीव टांगणीला लावायचे? मी रमोतीला म्हटलं, मला गायत्याकडे ने. गायता म्हणजे गावासाठी भूमीची पूजा करणारा वडीलधारा माणूस. त्याचा शब्द शेवटचा.

मैनू हलामी हे त्या गायत्याचं नाव. साठीचा, सडपातळ, कानात बाळ्या आणि बोलणं इतकं कमी की समोरच्यालाच दोघांचं बोलावं लागे. मी पाच मिनिटं एका दमात बोलले. चूक माझी आहे, पोरांची नाही. मला जो दंड करायचा तो करा. पण बर्फ उद्या दुपारपर्यंतच आहे, आज टोचू द्या. गोटुलमध्ये दहा-बारा बाया-माणसं बसली होती. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

गायत्यांनी माझ्या टोपलीतली उरलेली एक कैरी मागून घेतली. सुरी काढली आणि कैरीच्या मधोमध धरून दाबली. सुरी या टोकाकडून त्या टोकाला काही न अडकता पार गेली. दोन्ही फोडी त्यांनी मला दाखवल्या. आत पांढरी, मऊ, खोबऱ्यासारखी कोय.

"कोय धरली नाई," ते म्हणाले. "अजून चार दिवस. पाच लागतीन."

मी म्हटलं, मग पंडुमच आज करून टाका ना, एवढ्या पोरांसाठी या एका वर्षापुरता लवकर केला तर काय बिघडलं. कोणीतरी हसलं. गायता हसले नाहीत.

"बाई, सुई टोचल्यावर ताप येते असं तुमीच सांगता. सात पोरं पंडुमच्या आधी आंबा प्याले. आता ताप आला तं कोनाचा मनायचा? आंब्याचा का सुईचा? सारं गाव मनन, दोन्ही बाईनंच केलं. मंग तुमच्या सुईले पुढं कोनी हात लावू देनार नाई."

हरायला लागले की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड. मग त्या सातांना राहू द्या, बाकीच्या सोळांना तरी आणा, असं मी म्हटलं. गाव एक आहे, दोन नाही, असं उत्तर आलं. तेव्हा मात्र माझा तोल गेला आणि मी गोवर काय तुमच्या सणासाठी थांबणार आहे का, असं सगळ्यांदेखत विचारलं. रमोतीने माझा पदर ओढला. गायत्यांनी सुरी पानाने पुसली आणि कमरेला लावली.

"आंबाबी तुमच्या बर्फासाठी घाई करत नाई," ते म्हणाले आणि उठले. बैठक संपली.

त्या दुपारी मी डब्यापाशी बसून होते. दर तासाला झाकण उघडून बघायची इच्छा व्हायची आणि झाकण उघडलं की बर्फ लवकर जातो हेही माहीत होतं, म्हणून नुसता डब्याला गाल लावून बघायची. खूप रडू येत होतं. एवढ्या लांब चालत येऊन, बत्तीस कैऱ्यांपायी मी स्वतःच सगळं मातीत घातलं होतं.

ऊन उतरल्यावर राजो आली. राजो ही गायत्यांची सून. कडेवर तिची तान्ही पोर, सोमारी. राजोचं पहिलं पोर दोन वर्षांपूर्वी गोवरातच गेलं होतं. तिने इकडे तिकडे पाहिलं, पाटावर बसली आणि सोमारीचं झबलं वर केलं. तिचं म्हणणं अगदी मुद्द्याचं होतं: माझ्या पोरीनं आंबा खाल्ला नाही, पन्हंही प्यायली नाही, तिला कसला नियम? टोचा.

मला तर देवच भेटल्यासारखं झालं. गायत्यांच्या घरचं पोर टोचलं की सकाळी सगळं गाव रांगेत, हे मला लख्ख दिसत होतं. मी डब्याला हात घातला. मग सवयीने वही उघडली. सोमारीची नोंद माझ्याच हातची, कारण ते बाळंतपण रमोतीने आणि मी मिळून केलं होतं. तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, अठ्ठावीस ऑगस्ट. म्हणजे आठ महिनेसुद्धा पुरे व्हायचे होते. आणि गोवराची लस नऊ महिन्यांआधी द्यायची नाही.

वहीत नऊ लिहिलं असतं तर कोण विचारणार होतं? डॉक्टर कोहकाटोल्याला कधी फिरकले नव्हते. तेवीस पोरं एका बाजूला आणि एका पोरीचा एक महिना दुसऱ्या बाजूला. राजो माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला काय वाटत असेल ते मला समजत होतं आणि म्हणूनच मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मी झबलं खाली केलं. तिला म्हटलं, हिला अजून महिनाभर द्यायची नाही. राजोने विचारलं, दिली तर मरते का. मी म्हटलं, मरत नाही, पण लागू पडत नाही. ती उठली आणि जाताना तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्या क्षणी माझ्याइतकी मूर्ख बाई साऱ्या जिल्ह्यात नसेल असं माझं मलाच वाटलं.

सकाळी मी डबा खांद्याला लावून निघण्याच्या तयारीत होते. दोन पोरं तरी वाचवता येतील तिथे ही लस न्यावी म्हटलं. दारात गायता उभे. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"राजो आली होती?"

लपवण्यात अर्थ नव्हता. आली होती, म्हटलं.

"काहून नाई टोचलं?"

मग मी त्यांना सांगितलं, जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं. पोर जन्मतं तेव्हा आईच्या अंगातली थोडी ताकद घेऊन येतं. आठ-नऊ महिने ती ताकद त्याच्या रक्तात असते. तोवर लस टोचली तर ती ताकदच लशीला खाऊन टाकते. वरून दिसतं टोचलं म्हणून, घरचे निर्धास्त होतात, आणि आत काही धरलेलंच नसतं. पुढे गोवर आला की पोर उघडं पडतं.

गायता ऐकत होते. मग त्यांनी एकेक प्रश्न विचारला. तिला टोचलं असतं तर गाव आलं असतं, हे तुम्हाला माहीत होतं? होतं, मी म्हटलं. डॉक्टरला कळलं असतं? नसतं. मग?

"मग काय, मैनूदादा. धरलं नसतं ना ते."

मला वाटलं, आता निघून जातील. त्याऐवजी खाली वाकून त्यांनी डब्याला हात लावून पाहिला, पालथा हात, पोराचा ताप बघतात तसा.

"याच्यातलं बर्फ कवापर्यंत पुरते?"

"आज दुपारपर्यंत. फार तर संध्याकाळ."

"आनि भेटते कुठं?"

केंद्रावर, मी म्हटलं, तिथे फ्रीज आहे. बारा किलोमीटर.

"आंबा लवकर आनता येत नाई," गायता म्हणाले. "बर्फ आनता येते."

आणि त्यांनी तिथूनच हाक मारली. चमरू आणि डोलू हे दोघे सख्खे भाऊ, चांगले पोराबाळांचे बाप, अर्धी भाकर हातात घेऊनच धावत आले. मी केंद्राच्या भांडारवाल्याला चिठ्ठी लिहून दिली. दुपारच्या आत दोघे परत, पोत्यात कोंडा भरून त्यात बर्फाच्या चपट्या बाटल्या पुरलेल्या. निम्मा बर्फ वितळला होता, निम्मा शाबूत होता. निम्मा पुरे होता. दुसऱ्या दिवशी दुसरे दोघे गेले. तिसऱ्या दिवशी आणखी दोघे. जाऊन येऊन चोवीस किलोमीटर, त्या उन्हात, एका सुईवालीच्या डब्यासाठी. तिसऱ्या दिवशी बर्फासोबत डॉक्टरांची चिठ्ठी आली, ताबडतोब परत या म्हणून. ती मला मिळालीच नाही असं मी ठरवलं.

आणि मग मला काही कामच उरलं नाही. असं रिकामं बसणं मला नोकरी लागल्यापासून ठाऊक नव्हतं. रमोतीचीही जीभ पुन्हा सुटली होती. माझा काठी मारतानाचा आवेश ती सगळ्या बायांना करून दाखवायची आणि बाया पोट धरधरून हसायच्या. मी पण हसायचे. दुसरं काय करणार?

एका दुपारी तिच्या घरात बसले असताना कोपऱ्यातल्या बांबूच्या कणगीत काय आहे म्हणून मी डोकावले. वाळलेल्या कोया. गेल्या सालच्या, तळाशी उरलेल्या. रमोतीने एक फोडून दाखवली. आतला गर कडक, पांढरट, कोरडा ठणठणीत. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपत येतं, कापणीला अजून अवकाश असतो, तेव्हा हा गर कुटून, दोन-तीन पाण्यांतून काढून, त्याच्या पिठाची पेज करायची. त्या दोन महिन्यांत पोरांच्या पोटात काही पडतं ते याच्यामुळे. पण कोय पुरी धरलेली हवी. कच्च्या कैरीची कोय पावसाळी हवेत बुरसते, आणि तिची पेज प्यालं की ओकारी, जुलाब. तिच्या आजीच्या वेळी एका घरातली तिघं गेली होती. म्हणून आधी आंबा पिकू द्यायचा. आणि पिकल्यावरही शेंड्याचे उतरवायचे नाहीत. ते पाखरांचे, वटवाघळांचे. ती खातात आणि कोया दूरवर टाकतात, तिथे नवीन झाडं होतात. हे सगळं तिने कोया निवडता निवडता सांगितलं, जसं काही मला माहीतच असणार.

नदीपलीकडच्या गावाने मात्र तीन वर्षांपासून आमचुरासाठी कैऱ्या व्यापाऱ्याला द्यायला सुरुवात केली होती. पंडुम नुसता नावाला. चैत्रातच झाडं ओरबाडून रिकामी.

मी गोटुलमध्ये आले आणि वजनाची वही काढली. या टापूतली नऊ गावं माझ्याकडे होती. तीन वर्षं मी महिन्याच्या महिन्याला पोरांची वजनं घ्यायची, आकडे लिहायची आणि वही वर पाठवायची. दर श्रावणात सगळीकडची वजनं उतरायची, पण कोहकाटोल्याची उतरायची ती सगळ्यात कमी. पलीकडच्या गावाची तीन वर्षांपासून सगळ्यात जास्त. हे मला दिसलं होतं. कारण काय ते मात्र मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. काटा बिघडला असेल असं समजून एकदा तर मी काटा बदलून आणला होता.

त्या वहीवर हात ठेवून मी बसले आणि मला माझी आई आठवली. लोणच्याच्या कैऱ्या आणायला आम्हाला पाठवताना तिचं एकच सांगणं असायचं: कोय धरलेल्याच आणा गं, नाहीतर टिकत नाही. सत्तावीस वर्षं मी ते ऐकलं होतं. इथे येऊन मला ते आठवू नये, याची मला लाज वाटली.

पाचव्या दिवशी सकाळी गायत्यांनी कैरी कापायला घेतली आणि सुरी मधेच अडली. कट्ट. तो आवाज गोटुलच्या दारापर्यंत ऐकू आला आणि सगळ्या गावात एकदम बोलणं सुरू झालं. आंब्याखाली सारवलं, प्रत्येक घरातून एकेक आंबा आला, गायत्यांनी भूमीला वाहिला. मग मला पुढे बोलावलं. दंड म्हणून काही घ्यायचं नव्हतं. झाडापुढे उभं राहून किती पाडल्या ते मोठ्याने सांगायचं, बस. मी म्हटलं, बत्तीस. बायांमध्ये खसखस पिकली. गायता गोंडीत काहीतरी बोलले, तर हशाच हशा. रमोतीने डोळे पुसत मला सांगितलं, "मनतात, चोर पाहिले, पन मोजून पाडनारा पहिल्यांदा पाहिला."

मग सगळ्यांना एकेक फोड. त्या सात पोरांना गायत्यांनी स्वतःच्या हाताने भरवली. मला सगळ्यांत शेवटी मिळाली. आंबट होती, दातांना झिणझिण्या आल्या. तशी फोड मी नंतर कधी खाल्ली नाही.

आणि त्याच झाडाखाली, हात धुऊन, मी पहिली बाटली फोडली. एका बाटलीत पाच पोरं. चार वाजेपर्यंत तेवीसच्या तेवीस झाली. रात्रीतून दहा-बारा जणांना ताप आला. सकाळी मी घाबरत घाबरत घरोघरी गेले, तर आया निवांत बसलेल्या. सुईचा आहे, म्हणाल्या, उतरेल उद्या.

उतरलाही. मी केंद्रावर परत गेले, डॉक्टरांची बोलणी खाल्ली आणि कामाला लागले.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गोवर नदीपलीकडे आला. त्या गावात चार पोरं गेली. मी तिथे दिवसरात्र होते, ते मी इथे लिहीत नाही. कोहकाटोला अलीकडच्या काठाला, दोन्हीकडची पोरं एकाच पाण्यात डुंबायची, तरी तिथे एकाही पोराच्या अंगावर पुरळ उठलं नाही. उघडी होती ती एकच, सोमारी. केंद्रावर परतले तरी रोज सकाळी डोळे उघडले की मला पहिली तीच आठवायची. मी नाही म्हटलं होतं. तिला काही झालं असतं तर राजोला तोंड दाखवायची माझी छाती नव्हती, आणि नऊ महिन्यांचा नियम मी कोणाला सांगत बसणार होते?

आधीच सांगून टाकते, सोमारीला काही झालं नाही. तिला टोचलं, ती मोठी झाली, आता तिची स्वतःची दोन पोरं आहेत आणि धाकट्याच्या वेळी ती रमोतीसारखीच माझी नक्कल करून बायांना हसवत होती. ती नक्कल तिला कोणी शिकवली ते विचारायला नको. मी निवृत्त होऊनही आता आठ वर्षं झाली. पण नोकरीतला एक दिवस परत देतो असं कोणी म्हटलं, तर मी मागेन तो अमावास्येचा.

वीस मे. सकाळचे आठ वाजले असतील. मी क्वार्टरच्या दारात तांदूळ निवडत होते. समोरून मैनू गायता, मागे राजो, तिच्या पाठीवर सोमारी. तोपर्यंत कोहकाटोल्याचं कोणी आपणहून केंद्रावर आल्याचं मला आठवत नाही. अंधारात निघून बारा किलोमीटर चालत आले होते. सोमारी टवटवीत होती, मला बघून हसली. माझा जीव भांड्यात पडला.

"नऊ झाले," गायता म्हणाले. पोळ्याची अमावास्या धरून त्यांनी चंद्रावर मोजलं होतं. काल-आज नववी भरली.

मी आत जाऊन वही आणली. वहीत अठ्ठावीस मे. चंद्राचे नऊ महिने आणि कॅलेंडरचे नऊ महिने यांत आठ दिवसांचा फरक पडत होता. मी वही मिटली. पलीकडे गोवर पेटलेला, पोर समोर, डबा फ्रीजमध्ये. महिन्याची गोष्ट वेगळी, आठ दिवसांनी काय होणार होतं? डॉक्टरांनीही हो म्हटलं असतं. मी म्हटलं, आणा तिला, आठ दिवसांनी काही बिघडत नाही, आत्ता टोचून देते.

गायता जागचे हलले नाहीत.

"तुमच्या वहीत आज बसते?"

"वहीत नाही बसत. पण मैनूदादा, आठच दिवस..."

त्यांनी मान हलवली. खांद्यावरचं गाठोडं व्हरांड्यात उतरवलं, भिंतीला टेकवलं, आणि त्यातून चटई काढून अंथरली.

"मंग थांबतो आठ दिवस," ते म्हणाले, आणि राजोला सांगितलं, "चूल मांड."